रुग्णाचा प्रवास आणि विषाचे नाव : यवतमाळ जिल्हा, २०१७

वैद्यकाच्या इतिहासात औषधांच्या शोधास जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे त्या औषधांविषयीची माहिती एका वैद्याकडून दुसऱ्याकडे कशी पोहोचली या प्रश्नास मिळालेले नाही. वस्तुतः रुग्ण एका उपचारस्थानाहून दुसरीकडे जातो तेव्हा त्यास कशाची बाधा झाली, कोणते औषध दिले, किती दिले व केव्हा दिले ही माहिती मागे राहिली, तर योग्य औषधही अपायकारक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधोपचारातील अपाय कमी करण्याची मोहीम जाहीर केली. रुग्णाचे असे स्थलांतर हे तिच्या तीन प्रमुख क्षेत्रांपैकी एक होय. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून जी विषबाधा झाली, ती या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

कीटकनाशकांविषयीच्या भारतीय कायद्याचे मूळही एका प्रवासातच सापडते. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले अन्न खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. अन्न आणि विष यांची वाहतूक एकत्र झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली व पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम संमत झाला. १९७१ च्या नियमांनी प्रत्येक डब्यावर विषारीपणाच्या प्रतीनुसार तांबडी, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण सक्तीची केली. सोबतच्या पत्रकात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा यांची माहिती असावी, आणि मजकूर हिंदी व इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही असावा, असेही ठरले. विषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन घालण्याचा अधिकार अधिनियमाच्या २६ व्या कलमाने राज्य शासनास दिला. डबा, तो वाचणारा आणि बाधा झालेला मनुष्य ही तिन्ही एकाच ठिकाणी असतील, असे गृहीत मात्र या योजनेच्या मुळाशी होते.

यवतमाळ जिल्ह्यात हे गृहीत टिकण्यासारखे नव्हते. जिल्ह्याचे तालुके सोळा. १९८९ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळ शहरात. उमरखेड व वणी ही गावे तेथून सुमारे शंभर किलोमीटर दूर. बाधा झालेला मनुष्य प्रथम गावातील डॉक्टरकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तेथून ग्रामीण रुग्णालयात, मग यवतमाळास आणि प्रसंगी सेवाग्राम वा नागपूर येथे. शिवाय फवारणारा हा बहुधा मजूर असतो. कृषी केंद्रातून औषध आणतो शेतमालक, आणि बादलीत दोनतीन औषधांचे मिश्रण होते ते बांधावर. रुग्ण गाडीत बसतो तेव्हा डबे शेतातच राहतात. विदर्भात कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतात. त्यामुळे ‘औषध मारताना चक्कर आली’ एवढ्या सांगण्यावरून डॉक्टरांस काहीच बोध होत नाही.

२००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यावर फवारणी कमी होईल अशी अपेक्षा होती. तथापि गुलाबी बोंडअळीने त्या वाणास दाद देईनाशी केली. २०१७ च्या हंगामात पऱ्हाटी उंच व दाट वाढली होती, त्यामुळे फवारा अनेकांच्या तोंडावर येत राहिला. जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले आणि काहींची दृष्टी काही काळ मंदावली.

येथे उपचाराचा प्रश्न कठीण होतो. मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातील विषे कोलिनएस्टरेझ या द्रव्याचे कार्य रोखतात. परिणामी घाम व लाळ वाढते, छातीत स्राव साचतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. ॲट्रोपीन हा त्यांवरील उतारा. प्रॅलिडॉक्सिम द्यावयाचे तर लवकर द्यावे लागते. याउलट डायफेन्थ्युरॉन, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड यांवर निश्चित असा उतारा नाही. लक्षणांवरूनच उपचार करावे लागतात. त्यातच ॲट्रोपीन दिल्यानंतर बाहुल्या विस्फारतात व स्राव आटतो. म्हणजे पहिले औषधच विषाची खूण पुसून टाकते. पुढील डॉक्टरांस पहिल्या मात्रेची नोंद मिळाली नाही, तर समोरची नाडीची जलद गती आणि भ्रम ही विषाची लक्षणे की अधिक झालेल्या ॲट्रोपीनची, हे ठरविणे अवघड होते. रक्तातील कोलिनएस्टरेझ मोजल्यास हा संशय पुष्कळसा फिटतो. परंतु ती सोय त्या हंगामात यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात नव्हती.

या घटनेनंतर शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अमरावती विभागातील पाचही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. फवारणाऱ्यांचा निष्काळजीपणा हेच मुख्य कारण होय, असे मत त्या वेळी पुष्कळांनी मांडले. मुखपट्टी व हातमोजे यांचे महत्त्व निर्विवाद आहे; तथापि या मताने बाधा कशी झाली याचा अंशतः उलगडा होतो, बाधा झाल्यावर उपचार अंधारात का करावे लागले याचा होत नाही. त्याचे कारण १९७१ च्या योजनेत शोधावे लागते. विषाचे ज्ञान डब्यावर लिहिण्याची व्यवस्था झाली. ते रुग्णाबरोबर पाठविण्याची झाली नाही.

ही उणीव भरून काढण्यास मोठा खर्च लागत नाही. रुग्णाबरोबर रिकामा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी यावी. पाठविणाऱ्या डॉक्टराने फवारणीची वेळ, ॲट्रोपीनची मात्रा व ते देण्यापूर्वीची बाहुल्यांची स्थिती चार ओळींत लिहावी. आणि स्वीकारणाऱ्याने ती नोंद वाचूनच पुढील मात्रा ठरवावी. १९५८ मध्ये विष नावाशिवाय अन्नात मिसळले होते. २०१७ मध्ये रुग्ण विषाच्या नावाशिवाय रुग्णालयात पोहोचले. पहिल्या घटनेतून देशास एक कायदा मिळाला. दुसरीतून निदान एक नीट भरलेली चिठ्ठी मिळावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.