सोळा आण्यांची साखळी आणि नव्या कारकुनाचे दप्तर

शिक्षण संपवून कचेरीत पहिल्यांदा रुजू होणाऱ्या तरुणाला एक प्रश्न हमखास पडतो : रोजच्या कामासाठी बरोबर काय काय असावे? पेन कोणते, पिशवी कशी, घड्याळ हवे का, महाग वस्तू घ्यावी की साधी? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही आणि नवाही नाही. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात 1835-36 साली तो एका फार मोठ्या कामाच्या निमित्ताने उभा राहिला होता. जमिनीच्या मोजणीवर आणि प्रतबंदीवर नेमलेल्या कारकुनांच्या हाती कोणती साधने द्यावीत, यावर हजारो शेतकऱ्यांचा सारा ठरणार होता.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. सारा किती घ्यावा हे ठरवण्यासाठी आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये जमिनीची पाहणी केली व 1830 पासून त्याची आकारणी लागू झाली. प्रिंगल अर्थशास्त्र शिकून आलेला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा सर्व खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारने घ्यायचे, अशी त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसते. पण बी किती, बैलांचा खर्च किती, मजुरी किती, पीक चांगल्या साली किती आणि वाईट साली किती, हे आकडे गावोगाव जमवायचे कोणी? ते काम खालच्या कारकुनांवर पडले. एवढ्या आकडेमोडीत चूक कोठे झाली आणि लबाडी कोठे झाली, हे वरच्या अधिकाऱ्यालाही शोधता येईना आणि शेतकऱ्याला तर मुळीच कळेना. आकारणी जड झाली, त्यातच पिके बुडाली आणि भाव पडले. इंदापुरात लोक जमिनी टाकून जाऊ लागले.

मग गोल्डस्मिड, विंगेट आणि नॅश या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने काम हाती घेतले. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब त्यांनी सोडून दिला. तालुक्याची मागील वसुली, पाऊस, बाजार, लागवड हे पाहून दर ठरवायचा आणि तो जमिनीच्या प्रतीप्रमाणे शेताशेतावर वाटायचा, अशी सोपी रीत त्यांनी घेतली. हा आकार तीस वर्षे कायम राहील, असे आश्वासनही दिले. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली येऊ लागल्या. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले.

या पद्धतीत कारकुनाच्या हाती आलेले सामान पाहण्यासारखे आहे. मोजणीसाठी साखळी आणि शंकू. जमीन पाहण्यासाठी कुदळ. लिहिण्यासाठी बोरू, दौत आणि कागद. आणि सगळे बांधून ठेवण्यासाठी रुमाल. यातील प्रत्येक वस्तूमागे काही विचार आहे.

प्रथम साखळी पाहू. इंग्लंडमध्ये एडमंड गुंटरने 1620 च्या सुमारास प्रचारात आणलेली साखळी 66 फूट लांब व 100 कड्यांची होती. मुंबई इलाख्यात तिच्या निम्मी, म्हणजे 33 फुटांची साखळी वापरली गेली आणि तिचे भाग 100 न करता 16 केले. एका भागाला नाव दिले 'आणा'. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. जुन्या मोजणीच्या टिपणांत अंतरे साखळी व आणे यांत लिहिलेली असतात, ती यामुळेच.

सोळा का? रुपयाचे सोळा आणे हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. 'सोळा आणे खरे' म्हणजे पूर्ण खरे, हे निरक्षर माणसालाही सांगावे लागत नव्हते. दुसरे कारण भूमितीचे आहे. दोरी निम्म्याने दुमडली, पुन्हा निम्म्याने, अशी चार वेळा दुमडली की तिचे बरोबर सोळा भाग पडतात. पट्टी लागत नाही, भागाकार लागत नाही. शतमान भाग हिशेबाला सोयीचे खरे, पण बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपले शेत दोरीने पुन्हा मोजून पाहायचे असेल, तर सोळा भागच बरे.

शंकूचे काम काटकोन काढण्याचे. शेतातून एक आधाररेषा घ्यायची, बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर लंब टाकायचे आणि शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडायचे. आठवीतला विद्यार्थी ही क्षेत्रफळे काढू शकतो. वाकड्यातिकड्या शेताचे क्षेत्रफळ यापेक्षा कमी सामानात काढणे कठीण.

जमिनीची प्रत ठरवताना कारकून शेताचे भाग पाडून त्यांत खणून पाही. मातीच्या तीन जाती धरल्या होत्या, खोली हातांत मोजली जाई आणि एकूण नऊ प्रती होत्या. उत्तम जातीची माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. अगदी हलकी, पाव हात खोलीची असेल तर दोन आणे. चुनखडी, वाळू, उतार असे दोष आढळले तर प्रत एकेक पायरी खाली येई. हे दोष लांबलचक वर्णनाने न लिहिता शेताच्या आकृतीत छोट्या खुणांनी दाखवत. मागून आलेल्या अधिकाऱ्याने त्याच ठिकाणी खणले, तर कारकुनाचे खरे-खोटे तेथेच कळे.

साधन साधे असले म्हणजे ते बिनचूक असते, असे मात्र नाही. साखळीच्या कड्या वापराने झिजतात. समजा, शंभर सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा अर्धा मिलिमीटर झिजला; तर सुमारे 10.06 मीटरची साखळी 5 सेंटिमीटरने लांबली. लांबीत अर्धा टक्का आणि क्षेत्रफळात सुमारे एक टक्का चूक झाली. दहा एकरांच्या शेतात हा फरक चार गुंठ्यांचा होतो. लांबलेल्या साखळीने शेत कमी भरते. उलट कड्या वाकल्या किंवा सांध्यांत चिखल बसला की साखळी आखूड होते आणि शेत जास्त भरते, म्हणजे शेतकऱ्याचा सारा वाढतो. उन्हाचा परिणाम त्या मानाने किती? तापमान 30 अंश सेल्सिअसने वाढले तर पोलादी साखळी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढेल. म्हणजे उन्हाची चिंता करण्यापेक्षा साखळी रोज सकाळी जमिनीवर खुणावलेल्या प्रमाण लांबीशी ताडून पाहणे शहाणपणाचे. मोठी चूक कोठून येते हे ओळखून तिचा बंदोबस्त करणे, ही साधन वापरण्याची पहिली पायरी होय.

लेखणीचेही तसेच. बोरूचे टोक चाकूने पुन्हा तासता येते. त्यासाठी शहराकडे धाव घ्यावी लागत नाही. काजळी आणि डिंक यांपासून केलेल्या शाईतील कार्बनवर हवेचा व उजेडाचा परिणाम जवळजवळ होत नाही, म्हणून दोनशे वर्षांपूर्वीची मोडी अक्षरे आजही काळी दिसतात. मात्र डिंक पाण्यात विरघळतो. पावसात कागद भिजला की अक्षरे फिसकटतात. लोहयुक्त मायफळाची शाई कागदात मुरते व सहज धुतली जात नाही, पण तिच्या आम्लाने कालांतराने कागदच कुरतडला जातो. सर्व गुण असलेली शाई त्या काळी नव्हती. कोणता दोष आपल्या कामात चालेल हे पाहूनच निवड करावी लागे.

या इतिहासाला दुसरी बाजू आहे. तीस वर्षांची मुदत संपल्यावर, 1866-67 च्या सुमारास, फेरआकारणीही इंदापुरापासूनच सुरू झाली आणि या वेळी आकार बराच वाढला. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 मध्ये संपल्याने कापसाचा चढलेला भाव उतरला होता. शेतकरी कर्जात बुडाले. 12 मे 1875 रोजी सुपे या गावी, जे आज बारामती तालुक्यात आहे, दंगा उसळला. ठिकठिकाणी दंगेखोरांचा रोख सावकाराच्या घरातील कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. ज्या कागदाखाली अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नसेल, तर उत्तम बोरू आणि टिकाऊ शाई यांचा उपयोग लिहिणाऱ्यालाच. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने असे दस्तऐवज सरकारने नेमलेल्या ग्राम-निबंधकासमोर करण्याची व्यवस्था आणली, ती याच अनुभवातून.

आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आहेत, मोजणी उपग्रहांच्या संकेतांवर चालणाऱ्या यंत्रांनी होते आणि कारकुनापुढे संगणक असतो. बोरू आणि साखळी परत आणा, असे कोणी म्हणणार नाही. पण बारामतीच्या किंवा इंदापूरच्या महाविद्यालयातून बाहेर पडून एखाद्या कचेरीत, बँकेत वा कारखान्यात रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याने सामान निवडताना तीन प्रश्न जरूर विचारावेत. हे साधन बरोबर चालते की नाही, हे मला स्वतःला तपासता येते का? ते बिघडले तर येथल्या येथे दुरुस्त होईल का? आणि याने केलेली नोंद, ज्याच्याविषयी ती आहे त्या माणसाला वाचता व पडताळता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांनी आपली सोय होते व पैसे वाचतात. तिसऱ्या प्रश्नाने दुसऱ्याचे नुकसान टळते.

शिक्षकांनी हा पाठ मैदानावर घ्यावा. 10 मीटर 6 सेंटिमीटर लांबीची, न ताणणारी दोरी घ्या, चार वेळा दुमडून तिच्यावर सोळा खुणा करा आणि दोन गटांकडून मैदानाचा एकच तुकडा वेगवेगळा मोजून घ्या. दोन उत्तरे क्वचितच तंतोतंत जुळतील. फरक किती गुंठ्यांचा आला आणि तो कोठून आला, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. मग त्या तुकड्यावर सारा बसणार आहे आणि तो आपल्या घरच्यांना भरायचा आहे, असे समजून पुन्हा मोजायला सांगा.