जुन्या गाडीला घरच्या घरी सिरॅमिक कोटिंग : बाटली मागवण्याआधी हे वाचा

गावात सेकंडहँड गाडी आली की दोन प्रश्न ठरलेले असायचे. कितीला पडली आणि ॲव्हरेज किती देते. आता तिसराही आलाय, "कोटिंग मारणार का?" मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं ऑनलाइन बाटली मागवतात, रविवारी सकाळी गाडी धुतात आणि दुपारपर्यंत कोटिंग मारून मोकळी होतात. आठ दिवसांनी बोनेटवर काळपट पट्टे दिसायला लागतात. शहरात डिटेलिंगवाल्याकडे याच कामाचं बिल पाच आकड्यांत जातं, त्यामुळे घरी करावंसं वाटणं साहजिक आहे. आणि काम जमण्यासारखंही आहे. फक्त बाटलीतलं काम दोन-तीन तासांचं आणि त्याआधीची तयारी दीड दिवसाची, हे व्हिडिओत दिसत नाही.

कोटिंग म्हणजे नेमकं काय

या बाटलीत सिलिकॉनची संयुगं असतात. रंगावर पसरली आणि हवेतली ओल लागली की ती घट्ट होऊन काचेसारखा पातळ थर तयार होतो. थर किती पातळ? साधारण १-२ मायक्रॉन, कधी त्याहून कमी. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. त्यामुळे खडी उडाली, बाभळीची फांदी घासली तर ओरखडा पडणारच. बाटलीवर '९एच' लिहिलेलं असतं ते पेन्सिलने घेतलेल्या कडकपणाच्या चाचणीचं माप आहे, दगड झेलण्याची हमी नव्हे.

फायदा वेगळा आहे. पाणी थेंब होऊन निथळतं, धूळ-चिखल चिकटून बसत नाही, गाडी धुणं सोपं होतं, चमक टिकते. पण थर पारदर्शक असतो. खाली ओरखडे, डाग जे काही असेल ते तसंच दिसणार, उलट जास्त उठून दिसणार.

आधी गाडी बघा

कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांवर प्रायमर, मग रंग आणि वर क्लिअर कोट असे थर असतात. हा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा. वर्षानुवर्षं लिंबाखाली नाहीतर उघड्या अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टपावर आणि बोनेटवर तो आधी जातो. पांढुरके चट्टे, साल निघाल्यासारख्या कडा, नखाला लागणारी किनार दिसली तर क्लिअर कोट संपलाय. तिथे पॉलिश चालत नाही आणि कोटिंग तर नाहीच. तो भाग पेंटरकडूनच करून घ्यावा लागतो. ते बजेटमध्ये नसेल तर साधं वॅक्स दोन-तीन महिन्यांनी लावत राहा, स्वस्तात पडतं.

गाडी नुसती निस्तेज झाली असेल, पण हाताला गुळगुळीत लागत असेल तर आशा आहे. दाराच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने थोडं पॉलिश घासून बघा. फडक्यावर गाडीचाच रंग आला तर त्या रंगावर क्लिअर कोट नाही, असं समजा. काही जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांत तसं असतं. तिथे हात अगदी हलका ठेवा.

गंज असेल तर तो आधी काढा. कोटिंगखाली गंज थांबत नाही. एखादा दरवाजा नुकताच रंगवला असेल तर महिनाभर तरी थांबा, रंग आतून पूर्ण वाळायला वेळ लागतो. आणि गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर पैसे आधी आरसी नूतनीकरण, टायर, ब्रेक यांच्यासाठी बाजूला काढा. फिटनेसला चमक बघत नाहीत.

खरं काम इथे आहे

गाडी कार शाम्पूने धुवा, कपड्याच्या पावडरीने नको. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. एकाच बादलीत फडकं बुडवत राहिलं तर तीच वाळू परत रंगावर घासली जाते. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक ओरखडे दिसतात, ते बहुतेक यातूनच पडलेले असतात. त्याला जुन्या बनियनचं फडकंही जबाबदार. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा.

आता हातात पातळ कॅरीबॅग घाला आणि धुतलेल्या बोनेटवरून हलकेच फिरवा. खरखर लागली तर रंगात कण रुतून बसलेत. साखर कारखान्याच्या धुराड्याची राख, ब्रेकचा लोखंडी चुरा, झाडाचा चीक, सगळं त्यात येतं. त्यासाठी क्ले बार मिळतो. शाम्पूचं पाणी मारत मारत तो हलक्या हाताने फिरवायचा. कोरड्यावर कधीच नाही. जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून मिनिटभर लावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. तरीही राहिले तर ते रंगात उतरलेत, मग पॉलिशच.

पॉलिश म्हणजे क्लिअर कोट अगदी थोडा खरवडणं. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने किती वेळा केलंय ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून प्रत्येक ओरखड्याच्या मागे लागू नका. नखाला लागणारा ओरखडा पॉलिशने जात नाहीच. ड्युअल ॲक्शन मशीन भाड्याने किंवा ओळखीत मिळालं तर उत्तम, नाहीतर हाताने करा, वेळ लागेल एवढंच. फॅब्रिकेशनवाल्याचा ग्राइंडर मात्र पॅड लावून अजिबात वापरू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. कडेवरचा रंग काही सेकंदांत जळून पत्रा दिसतो.

शेवटी पॉलिशचं तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मायक्रोफायबरने पुसायचं. उरलेलं हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते रंगावर चिकटून बसतं आणि कोटिंग धरत नाही.

बाटली उघडताना

जागा सावलीची हवी. पत्र्याची शेड चालेल, पण उन्हाळ्यात दुपारी तीही भट्टी होते. दिवाळी ते शिवरात्रीचे दिवस सगळ्यात बरे. जमिनीवर आधी पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही. बोनेट हाताला गार लागलं पाहिजे. हातमोजे आणि मास्क लावा, दारं उघडी ठेवा, विडी-सिगारेट लांब. वास उग्र असतो आणि द्रव पेट घेऊ शकतो.

स्पंजच्या ठोकळ्याला मऊ कापड गुंडाळून त्यावर ८-१० थेंब टाका. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग. आधी आडवं, मग उभं फिरवा. मिनिट-दोन मिनिटांत पृष्ठभागावर पाण्यावरच्या तेलासारखे सप्तरंग दिसू लागतात. नेमका वेळ बाटलीच्या कागदावर असतो, पण उष्णतेत तो घटतो. तेव्हा एका मायक्रोफायबरने पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्याने. मग मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघायचं. कुठे काळपट ओघळ राहिला असेल तर तेव्हाच पुसून घ्या.

मी माझ्या गाडीवर हाच घोळ केला होता. एप्रिलमध्ये, सकाळी अकराला, अर्ध्या सावलीत. अख्खं बोनेट एकदम माखलं. पुसायला गेलो तोवर कोटिंग आवळलं होतं. ते पट्टे काढायला परत पॉलिश करावं लागलं, बाटली वाया गेली ती वेगळीच.

पुढच्या काचेवर हे मारू नका, वायफर थरथरतो आणि रात्री समोरच्या गाडीचा उजेड फुटतो. काचेचं कोटिंग वेगळं मिळतं.

नंतरचे आठ दिवस आणि नंतरची वर्षं

पहिले २४ तास गाडी छपराखालीच. पाऊस तर नकोच, दवही नको, थेंबांचे ठसे उमटतात. आठवडाभर शाम्पू लावू नका. पक्ष्याची घाण पडली तर ओल्या फडक्याने लगेच उचला.

बोअरच्या पाण्याचा त्रास कोटिंगनंतरही संपत नाही. पाणी थेंब होऊन उभं राहतं आणि उन्हात वाळलं की प्रत्येक थेंबाचा क्षार जागेवर राहतो. म्हणून गाडी धुतली की लगेच कोरडी करायची. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर शेवटचा हात त्याचा द्या. द्राक्षबागेजवळ गाडी लावत असाल तर बोर्डोचे शिंतोडे उडालेल्या दिवशीच धुवा.

बाटलीवर पाच-सात वर्षं लिहिलेलं असलं तरी आपल्या उन्हात, धुळीत आणि हाताने केलेल्या तयारीवर वर्ष-दीड वर्ष नीट टिकलं तरी पैसे फिटले म्हणा. आणि ३० मिलीच्या बाटलीत छोटी गाडी होऊन थोडं उरतं. उघडलेली बाटली काही आठवड्यांत आत घट्ट होते, पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी मोटारसायकलची टाकी धुऊन, अल्कोहोलने पुसून ठेवा आणि उरलेलं तिच्यावर लावा.