एकट्याची बर्फगाडी: युवा हिवाळी ऑलिम्पिकमधील मोनोबॉब

१/ जानेवारी २०२४, दक्षिण कोरियातील प्योंगचांग. गँगवॉन युवा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये मुलांच्या मोनोबॉब शर्यतीचा निकाल लागला: सुवर्ण कोरियाच्या सो जे-ह्वानला, रौप्य ट्युनिशियाच्या जोनाथन लुरिमीला. सहाराच्या काठावरील देशाला बर्फावरचे पदक मिळाले कसे? त्यासाठी या खेळाच्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल. थ्रेड 🧵

२/ बॉबस्ले म्हणजे गोठलेल्या, वळणावळणाच्या उतारावरून सुटणारी पोलादी पात्यांची गाडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमध्ये थंडी घालवायला येणाऱ्या धनिक पर्यटकांनी हा खेळ रुजवला. १८९७ मध्ये तेथे पहिला क्लब निघाला आणि १९२४ मध्ये शामोनी येथे खेळ ऑलिम्पिकमध्ये पोहोचला. श्रीमंतीशी जडलेले त्याचे नाते मात्र सुटले नाही.

३/ उतारावर गाडीला खेचते ते गुरुत्वाकर्षण. हवेचा अडथळा जड गाडीला तुलनेने कमी रोखतो, म्हणून जड गाडी वेगवान ठरते. १९५२ च्या ओस्लो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीने आपले वजनदार गडी एकाच गाडीत बसवून चौघांच्या शर्यतीचे सुवर्ण जिंकले. पुढे वजनावर मर्यादा आली.

४/ वजनाची वाट बंद झाली, तशी स्पर्धा यंत्राकडे वळली. गाडीचा आकार, पात्यांचे पोलाद, वायुबोगद्यातील चाचण्या! २०१४ च्या सोची ऑलिम्पिकसाठी अमेरिकेची दोघांची गाडी बीएमडब्ल्यूने घडवली होती. ज्या देशामागे असा कारखाना नाही, त्याच्या खेळाडूने काय करावे?

५/ २०१२ मध्ये इन्सब्रुकला पहिले युवा हिवाळी ऑलिम्पिक झाले, तेव्हा बॉबस्लेमध्ये दोघांच्या गाड्या होत्या. २०१६ मध्ये लिलेहामरला त्यांची जागा मोनोबॉबने घेतली. गाडीत एकच खेळाडू आणि सर्वांच्या गाड्या एकसारख्या. लहान देशाला आता जोडीदार शोधायला नको आणि महागडी गाडीही बांधायला नको.

६/ मोनोबॉबमध्ये तोच गाडी ढकलतो, धावता धावता आत उडी घेतो, दोऱ्या खेचून वळणे साधतो आणि शेवटी ब्रेकही तोच लावतो. चूक झाली तर दोष द्यायला दुसरा कोणी नाही.

७/ तरीही लिलेहामरची दोन्ही सुवर्णपदके जर्मनीला गेली: मुलांत योनास यानुश, मुलींत लॉरा नोल्टे. कारण उघड आहे. वळण कुठे, किती आणि कधी घ्यायचे, हे हाताला सरावानेच कळते. सरावाला बर्फमार्ग हवा. जगात असे मार्ग मोजकेच, आणि त्यांतले चार तेव्हा एकट्या जर्मनीत होते. गाडी समान झाली होती, सराव नव्हे.

८/ २०२० चे यजमान लोझान; बॉबस्लेच्या शर्यती मात्र सेंट मॉरिट्झला, दर हिवाळ्यात हिम आणि पाण्याने नव्याने बांधल्या जाणाऱ्या जुन्या मार्गावर झाल्या. मुलांत पुन्हा जर्मनी. मुलींत मात्र रोमानियाची जॉर्जेता पोपेस्कू जिंकली.

९/ खरा फरक पडला प्योंगचांगमध्ये. २०१८ च्या ऑलिम्पिकनंतर तेथील बर्फमार्ग ओस पडू न देता, ऑलिम्पिकचा वारसा सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानाने बर्फ नसलेल्या देशांतील तरुणांना तेथे प्रशिक्षण दिले. २०२४ मध्ये त्याच मार्गावर ट्युनिशियाने आणि मुलींत थायलंडच्या आग्नेसे कांपेओलने रौप्य मिळवले. मुलींचे सुवर्ण डेन्मार्कच्या माया फोइटला मिळाले. डेन्मार्कमध्येही बर्फमार्ग नाही!

१०/ तोवर मोनोबॉब मोठ्यांच्या ऑलिम्पिकमध्येही पोहोचला होता. बॉबस्लेमध्ये पुरुषांच्या दोन शर्यती आणि महिलांची एकच, ही तफावत भरून काढण्यासाठी २०२२ मध्ये बीजिंगला महिला मोनोबॉब आला. पहिली विजेती अमेरिकेची केली हम्फ्रीज. लिलेहामरची लॉरा नोल्टे तेथे दोघींच्या गाडीत ऑलिम्पिक विजेती झाली.

११/ ‘सर्वांना समान साधने दिली की स्पर्धा न्याय्य होते’, असे आपण सहज म्हणून जातो. मोनोबॉबची पहिली आठ वर्षे त्यात एक दुरुस्ती सुचवतात. २०१६ मध्ये साधने समान होती. ट्युनिशियाचे पदक मात्र मार्गाचे दार उघडल्यावर आले. खेळांचा इतिहास वाचताना पदकतक्त्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: यांच्यापैकी सरावाला जागा कोणाकोणाला होती?