स्मृतिभ्रंश आणि व्यायाम
उतारवयात स्मरणशक्ती खालावलेल्यांसाठीची नियमित शारीरिक हालचाल. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे (स्थापना १९१४) वऱ्हाडाला व्यायामाची ओळख जुनी. पण तो नेमका गरजेच्या वयात सुटतो. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सुचवते. खुर्चीवरून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे घरीही जमते; सूचना एका वेळी एकच द्यावी, आधी स्वतः करून दाखवावे. ब्रिटनमधील ‘डापा’ चाचणीत (२०१८) जोरकस व्यायामाने स्मृतीची घसरण थांबली नाही, चालण्याची क्षमता मात्र वाढली. आणि आपले आपण चालता येणे ही मोठीच कमाई आहे. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, रुग्णाला तहान लक्षात राहतेच असे नाही. म्हणून फिरायला सकाळीच, पाणी आणि घरचे कोणी सोबत घेऊन न्यावे.