सोयराबाई : बखरीतली आणि कागदातली

सोयराबाईंचे नाव निघाले की विषाचा पेला पाठोपाठ येतो. नाटक-कादंबऱ्यांनी तो त्यांच्या हाती इतका पक्का बसवला आहे की पुरावा मागणाराच विक्षिप्त ठरतो. मी तो मागतो आहे.

3 एप्रिल 1680 रोजी रायगडावर महाराज गेले. सभासद ज्वराची व्यथा सांगतो. मुंबईकर इंग्रजांचे त्याच महिन्यातले पत्र रक्तातिसार आणि बारा दिवसांचे दुखणे सांगते. विषाची वदंता उठली हे खरे; पण राजा गेला की ती कुठल्या दरबारात उठत नाही?

राजारामांना गादीवर बसवण्याचा बेत मात्र वदंता नव्हे. त्यात सोयराबाई होत्या, हे मी नाकारत नाही. पण संभाजीराजे दिलेरखानाकडून परतून जेमतेम काही महिने झाले होते. अण्णाजी दत्तो, मोरोपंत यांसारखे मुरलेले कारभारी दहा वर्षांच्या मुलाला पुढे करत होते. पट्टाभिषिक्त राणीने पोटच्या पोरासाठी गादी मागणे हा राजकारणातला डाव झाला. तो हरला, कारण सख्खा भाऊ, सरनौबत हंबीरराव, संभाजीराजांना मिळाला. डाव हरणे वेगळे, नवऱ्याला विष घालणे वेगळे. आपण दोन्हींची बेमालूम सरमिसळ केली.

आता संभाजीराजांचेच म्हणणे पाहू. रायगड ताब्यात आल्यानंतर, ऑगस्ट 1680 मध्ये, बाकरेशास्त्र्यांना दिलेल्या संस्कृत दानपत्रात ते या सावत्र आईचे अंतःकरण स्फटिकासारखे निर्मळ म्हणतात. दानपत्राची भाषा अलंकारिक असते, हे मान्य. तरी बापाला विष घालणारी म्हणून जिच्याकडे पाहायचे, तिच्यासाठी हा अलंकार कोण वापरील?

उलट मल्हार रामराव चिटणीस लिहितो की राजांनी गडावर येताच तिला भिंतीत चिणले. ही बखर सव्वाशे वर्षांनंतरची. आणि लेखक त्या बाळाजी आवजींचा वंशज, ज्यांना संभाजीराजांनी देहदंड दिला. घराण्याची जखम शाईत उतरणारच. शिवाय सोयराबाईंचा मृत्यू ऑक्टोबर 1681 मधला, राजे गडावर आल्यानंतर वर्षाहून अधिक काळाने. तोवर दुसरा कट उघडकीस येऊन अण्णाजी, बाळाजी मारले गेले होते. त्या कटात बाईंचा हात किती, हा प्रश्न मी खुला ठेवतो. विषाच्या आरोपाला मात्र माझ्या लेखी आधार उरत नाही.