चेंडू निघतो कुठे?

नातवाला गोल्फचं वेड लागल्यापासून आमच्या घरातली भाषाच बदलली आहे. विटी-दांडूच्या पुढे न गेलेली त्याची आजीसुद्धा आता "ड्रायव्हर", "आयर्न" असे शब्द सहज बोलते! परवा त्याच्या सरावाला सोबत गेले होते. चेंडूच्या मागे जमिनीवर एक पेटी ठेवलेली. टोला बसला की पडद्यावर आकडे उमटायचे.

"हे कसले आकडे रे?"

"आजी, चेंडूला लागताना क्लबचं तोंड कुठे होतं आणि क्लब कुठल्या दिशेने चालला होता, ते कळतं यात."

तोंड म्हणजे क्लबचा चेंडूला भिडणारा सपाट भाग. झालं, घरी आल्यावर चष्मा लावून वाचत बसले.

चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात सेकंदाचा सुमारे दोन-हजारावा भाग. इतक्या वेळात पापणीही हलत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या लखलखाटात फोटो काढायचं तंत्र विकसित केलं, तेव्हा कुठे टोल्याखाली चेंडू चपटा होतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याआधी सगळा अंदाजच. आणि अंदाजातून एक नियम रूढ झाला होता: चेंडू निघतो क्लब ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने, आणि मग क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे वळतो. पटण्यासारखा आहे हो. क्लबने उकरलेल्या मातीची खूण गवतावर दिसते, तिच्यावरून मार्ग कळतो. तोंड कुठे होतं याची खूण कुठेच राहत नाही.

हा नियम पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. समोर झाड असेल तर काय करायचं? क्लबचं तोंड लक्ष्याकडे ठेवायचं आणि फिरवायचा झाडाच्या उजवीकडून. चेंडू वळसा घालून जाईल. शिष्य तसं करायचे आणि चेंडू नेमका झाडावर आपटायचा! मग मास्तर म्हणणार, तुझे हात वळले असतील. नियमाकडे बोट कोण दाखवणार?

ज्यांच्या हाताला कळलं होतं, ते मात्र वेगळंच करत होते. टेक्सासच्या बेन होगनचा चेंडू सुरुवातीच्या काळात फार डावीकडे वळायचा. त्याने वर्षानुवर्षं घासून घासून सराव केला. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बसने समोरून धडक दिली, हाडं मोडली, आणि तरी १९५० ची यू. एस. ओपन त्याने जिंकली. १९५७ च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात त्याने टोल्याच्या क्षणी डाव्या मनगटाचं हाड लक्ष्याकडे आलेलं हवं असं सांगितलं. म्हणजे मनगट किंचित बाहेर फुगलेलं, हात चेंडूच्या पुढे. असं असलं की क्लबचं तोंड घाईने मिटत नाही. त्याचा सगळा जीव त्या तोंडावर होता.

१९६८ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचं 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' आलं. शास्त्रज्ञांनी मोजमापं करून लिहवलेलं पुस्तक. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबच्या तोंडाच्या दिशेने, हे त्यात होतं. छापलेलं, दुकानात मिळणारं! तरी बहुतेक शिक्षक जुनंच शिकवत राहिले. पुढे २००३ साली डेन्मार्कमध्ये ट्रॅकमॅन कंपनी निघाली. लष्करी रडारवर काम केलेल्या फ्रेडरिक टक्सन या अभियंत्याने तेच तंत्र गोल्फच्या चेंडूला लावलं. तेव्हा आकडे समोर आले. ड्रायव्हरच्या टोल्यात सुरुवातीची दिशा साधारण ८५ टक्के तोंडावर ठरते, आयर्नमध्ये ७५ टक्के. वळण येतं ते तोंड आणि मार्ग यांतल्या फरकामुळे. चाळीसेक वर्षं गेली मध्ये.

मास्तरांना हसावं म्हटलं, पण हसू आलं नाही.

मराठीत बी. ए. असले तरी मधल्या वर्गांना सामान्य विज्ञान मीच शिकवायचे. जिभेचा नकाशा आठवतो ना? टोकाला गोड, मागे कडू. १९०१ च्या एका जर्मन संशोधनाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि त्यातून हा नकाशा रुजला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडेच कळतात, हे मला निवृत्तीनंतर समजलं. एकदा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हाच धडा होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, काल कडुनिंब मला टोकालाच कडू लागला." मी त्याला म्हटलं, "पुस्तकात बघ काय लिहिलंय," आणि आकृती पाच वेळा काढायला लावली. त्याने काढलीही, निमूटपणे.

दर पाडव्याला मीही कडुनिंब खात होतेच की.

हे सगळं नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "मग आजी, त्याला सांगितलंस का नंतर?"

त्या मुलाचं आडनावही आता आठवत नाही.