आठ आण्यांचा कुत्रा

मुंबईत दंगल झाली म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे काही येतं, त्यात कुत्रा कुठेच नसतो. पण जून १८३२ मध्ये मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, जी दंगल झाली ती चक्क भटक्या कुत्र्यांवरून झाली. आणि ती करणारे कोण? तर पारशी! पटत नाही ना? मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. मुंबईत भटकी कुत्री फार झाली म्हणून कंपनी सरकारने १८१३ मध्ये नियम केला होता, वर्षातल्या ठरावीक काळात ती मारायची. १८३२ मध्ये उन्हाळ्यातली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस आठ आणे. आता आठ आणे म्हणजे त्या काळी गरीब माणसाला सोडवणार नाही अशी रक्कम. मग काय, पकडणारे लोकांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही उचलायला लागले, अशा तक्रारी आल्या. आमच्या धंद्यातल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. 'जितके बग शोधाल तितका बोनस' असं एकदा जाहीर करून बघा, कसे भराभर बग सापडतात ते :-)

पारशी समाजाला हे झोंबण्याचं कारण नुसतं भूतदया नव्हतं. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मानाची जागा आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला 'सगदीद' म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला कुत्रा त्यासाठी उत्तम, कारण तो 'चार डोळ्यांचा'. त्यामुळे ६ जूनला कुत्री पकडणारे आले तेव्हा जमावाने त्यांना झोडपून काढलं. दुसऱ्या दिवशी हरताळ! दुकानं बंद, बाजार बंद, आणि पारशांच्या जोडीला जैन, हिंदू व्यापारीही. कुलाब्याच्या छावणीची रसदच अडली. शेवटी लष्कर आणावं लागलं, धरपकड झाली. पण मोठ्या व्यापाऱ्यांनी अर्जविनंत्या केल्या आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत असा तोडगा पुढे आला. जमशेटजी जीजीभाई हे त्या मध्यस्थांपैकी एक. (जे. जे. हॉस्पिटलवाले तेच. 'सर' नंतर, १८४२ मध्ये झाले.)

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी गंमत म्हणून सांगतात आणि सोडून देतात. मला खरी गोष्ट तिच्यापुढे सुरू होते असं वाटतं. मारायची नाहीत, ठीक. पण मग ठेवायची कुठे? सांभाळणार कोण? १८३४ मध्ये जमशेटजी आणि शहरातल्या जैन व्यापाऱ्यांनी मिळून भुलेश्वरला पांजरपोळ काढली. आज तिथे गेलात तर गाईच दिसतील, पण ती सुरू झाली ती मुख्यतः या कुत्र्यांच्या प्रश्नावरून. लंडनचं प्रसिद्ध बॅटरसीचं कुत्र्यांचं घर मेरी टील्बी नावाच्या बाईंनी सुरू केलं ते १८६० मध्ये, म्हणजे आपल्यानंतर २६ वर्षांनी! तेही आधी हॉलोवे भागात. बॅटरसीला गेलं १८७१ मध्ये, आणि मांजरांना तिथे प्रवेश मिळाला १८८३ मध्ये.

अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण एक फरक आहे. पांजरपोळीत आलेलं जनावर मरेपर्यंत तिथेच राहायचं. बॅटरसीचा प्रयत्न असा की हरवलेल्याचा मालक शोधायचा, नाहीतर नवीन घर बघायचं. आपल्याकडे जीव वाचवायचं पुण्य होतं, पण घरात घ्यायची कल्पना त्यात नव्हती. आपल्या मराठी घरांत तरी काय होतं? मांजर चुलीजवळ, गाय गोठ्यात, आणि कुत्रा दाराबाहेर. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्याला ठाऊक असतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. पण उंबऱ्याच्या आत? छे! तो गल्लीचा. म्हणजे सगळ्यांचा, म्हणजेच कुणाचाच नाही.

नेमकं याच दुखण्यावर गांधीजींनी बोट ठेवलं होतं. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली ६० कुत्री मारवली. गांधीजींनी त्यांची बाजू घेतली आणि अहिंसावाल्यांमध्ये गदारोळ उडाला. पत्रांचा एवढा पाऊस पडला की 'यंग इंडिया'त लेखमालाच लिहावी लागली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बेवारशी कुत्रा ही समाजाची लाज आहे; रस्त्यावर तुकडा टाकून पुण्य मिळवणं ही दया नव्हे; दया असेल तर कुत्रा पाळा, त्याची जबाबदारी घ्या. मारण्याबद्दलचं त्यांचं मत मला पटत नाही, अजिबात नाही. तेव्हा नसबंदीचा पर्याय समोर नव्हता हे मान्य करूनही नाही. पण तुकडा टाकण्याबद्दल ते बोलले ते मात्र लागतं.

पुढचं भराभर सांगतो. पालिकांनी मारणं चालूच ठेवलं, दशकानुदशकं, आणि कुत्री काही संपली नाहीत. मद्रासच्या ब्लू क्रॉसने १९६४ पासून नसबंदीचा आग्रह धरला, तो पालिकेच्या गळी उतरायला १९९० चं दशक उजाडलं. २००१ मध्ये केंद्राचे नियम आले: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, होतं तिथेच सोडा. २०२३ मध्ये त्याच धर्तीवर नवे नियम आले. मग ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितलं, आणि अकराच दिवसांनी मोठ्या पीठाने तो आदेश बदलला. रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी सोडून बाकीची लस देऊन परत सोडा. टीव्हीवर दोन्ही बाजू एकमेकींवर भुंकत होत्या (माफ करा, राहवलं नाही). त्यात २२ ऑगस्टच्या आदेशातलं एक कलम कुणी फारसं वाचलंच नाही: ज्याला कुत्रा हवा त्याने पालिकेकडे अर्ज करून दत्तक घ्यावा, आणि तो परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची.

मी हे कलम दोनदा वाचलं, कारण त्याच सुमारास आमच्याकडे खंडू आला होता. पार्किंगमधला, कान कापलेला (नसबंदीची खूण), बाईकच्या धक्क्याने एक पाय आखूड झालेला. घरात आधीपासून आठ वर्षांची पिंकी, मांजर. आणि आजी. आजीचा प्रश्न सरळ होता, "अरे, बाहेर जेवायला घालतोस ना त्याला? मग आत कशाला?"

१८३४ पासूनचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात होता, आणि माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

पिंकीचं प्रकरण तुलनेने सोपं निघालं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी दोघांच्या लशी, मग दहा दिवस वेगळ्या खोल्या. त्याच्या अंगाखालचं फडकं तिच्या खोलीत, तिचं त्याच्या. वास ओळखीचा झाल्यावर दाराच्या फटीतून दर्शन, मग खंडूला पट्टा लावून पाच-पाच मिनिटं समोरासमोर. तिची वाटी फ्रीजवर ठेवली, म्हणजे जेवताना तिला वरून बघता यावं. पहिल्या महिन्यात तिने त्याच्या नाकावर दोनदा ओरबाडलं. त्याने एकदाही उलट केलं नाही. गल्लीत वाढलेल्याला बॉस कोण हे लगेच कळतं.

आजीला जास्त वेळ लागला. खंडू तिच्या खोलीच्या दारात बसायचा, आत नाही. दिवाळीत एकदा फटाक्यांनी तो थरथरायला लागला तेव्हा तीच म्हणाली, "ये रे, ये आत." पुढे काही बोलली नाही, जपमाळ चालू ठेवली.

मग पालिकेचा परवाना काढायला गेलो. तिथल्या साहेबांनी लसीचं कार्ड पाहिलं आणि विचारलं, "जात?" मी म्हटलं, गावठी. "मग परवाना कशाला काढताय?" म्हणाले, पण फॉर्म घेतला.